शाळेत नर्स येते एक दिवस, बाकीचे दिवस कोणाचे?

शाळेतली नर्स म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर एक पेटी येते. पेटीत लाल औषध, कापूस, पट्टी आणि डोकेदुखीच्या चार गोळ्या. पोर पडले की पट्टी बांधायची, पोट दुखले की गोळी द्यायची आणि उरलेल्या वेळात खुर्चीवर बसून स्वेटर विणायचा, असा पुष्कळांचा समज असतो. हा समज किती अपुरा आहे, ते या कामावर रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात कळते.

मी काही वर्षे रुग्णालयाच्या वॉर्डात काम केले आणि त्यानंतर श्रीगोंदा तालुक्यात शाळा तपासणीच्या पथकात परिचारिका म्हणून आले. आमच्या वाट्याच्या गावांत काष्टी हे मोठे गाव. दौंड-नगर रेल्वेमार्गावरचे, शनिवारच्या जनावरांच्या बाजारामुळे लांबलांबच्या शेतकऱ्यांना ठाऊक असलेले, चहूबाजूंनी उसाने वेढलेले. वॉर्डातले काम आणि शाळेतले काम यांत मोठा फरक आहे. वॉर्डात आजारी माणूस स्वतःहून येतो आणि आपले दुखणे सांगतो. शाळेत सगळीच मुले धडधाकट दिसतात, आणि त्यांतल्या आजारी मुलाला आपण आजारी आहोत हेच ठाऊक नसते. त्याला शोधून काढणे हे शाळेतल्या नर्सचे पहिले काम, आणि शोधल्यावर त्याला उपचारापर्यंत पोचवणे हे दुसरे. पहिल्यापेक्षा दुसरे काम अवघड आहे. त्याविषयीच आज लिहायचे आहे, कारण ते एकट्या नर्सच्या हातात नाही.

ही कल्पना आली कोठून?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्क शहरात डॉक्टर शाळांतून मुले तपासत. खरूज, नायटा, उवा, डोळ्यांची साथ असे काही आढळले की मुलाच्या हाती चिठ्ठी देऊन त्याला घरी पाठवीत. घरी आईला ती चिठ्ठी वाचता येत नसे, उपचाराला पैसे नसत. मूल रस्त्यावर खेळत राही आणि शाळा बुडे ती बुडेच. १९०२ साली लीना रॉजर्स नावाच्या परिचारिकेला चार शाळांमध्ये महिनाभर नेमून पाहिले. तिने किरकोळ आजारांवर शाळेतच उपचार केले आणि मुलांच्या घरी जाऊन आयांना ते शिकवले. या प्रयोगानंतर आणखी परिचारिका नेमण्यात आल्या. सप्टेंबर १९०२ मध्ये दहा हजारांवर मुले आजारासाठी घरी पाठवली गेली होती. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात ही संख्या अकराशेच्या आसपास आली. नुसती तपासणी केली तर बाक रिकामे होतात, पाठपुरावा केला तर भरतात, हा धडा तेव्हाच मिळाला.

आपल्याकडे सयाजीराव गायकवाड महाराजांच्या बडोद्यात १९०९ साली शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. १९४६ च्या भोर समितीने मात्र देशात शालेय आरोग्य सेवा जवळजवळ नाहीच, असे नोंदवले. १९६० मध्ये रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नासाठी स्वतंत्र समिती नेमली गेली. पुढे फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्या पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मतः असलेले व्यंग, शरीरातील कमतरता, लहानपणचे आजार आणि वाढीतला विलंब अशा चार प्रकारांतले आजार जन्मापासून १८ वर्षांपर्यंत शोधायचे, ही त्याची चौकट. पथकात एक पुरुष व एक स्त्री डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असते. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत वर्षातून एकदा जाते.

वाचकांनी हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे. शाळेत वर्षातून एकदा.

तीन मिनिटांत एक मूल

शंभर-सव्वाशे मुले आणि हाती पाच तास, म्हणजे एका मुलाच्या वाट्याला जेमतेम अडीच-तीन मिनिटे येतात. त्यात साधनांची कटकट वेगळी. वजनकाटा रोज गाडीत आदळतो, म्हणून शाळेत पोचले की किराणा दुकानातले पाच किलोचे माप त्यावर ठेवून पाहायचे. काटा अर्धा किलो जास्त दाखवू लागला तर पहिलीतल्या रोडक्या मुलाचे कुपोषण लपून जाते. उंची घेताना चपला काढलेल्या, टाचा भिंतीला टेकलेल्या आणि डोक्यावरचा अंबाडा सोडलेला हवा.

दृष्टीच्या तक्त्यापासून मूल वीस फुटांवर उभे राहिले पाहिजे. वर्गात बाकांमुळे तेवढी जागा मिळत नाही, म्हणून आम्ही व्हरांडा गाठतो. तेथे दुसरीच गंमत. रांगेतली मागची मुले पुढच्याची उत्तरे ऐकून पाठ करतात आणि आपली पाळी आली की धडाधड म्हणून दाखवतात. त्यामुळे रांग तक्ता दिसणार नाही अशा ठिकाणी उभी करावी लागते. एक डोळा झाकताना मुले बोटांच्या फटीतून पाहतात. म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा द्यायचा आणि तो मूल नीट धरते की नाही, तिकडे लक्ष ठेवायचे.

गाडी फाटकातून आत आली की ‘सुया टोचणार’ ही बातमी गाडीच्या आधी वर्गात पोचते. दहा आणि सोळा वर्षांच्या मुलांना धनुर्वात-घटसर्पाची लस द्यायची असते, तेव्हा ही बातमी खरीही असते. अशा वेळी मुलांना कधीही ‘दुखत नाही’ असे सांगू नये. ‘मुंगी चावल्यासारखं होईल, दहा आकडे मोज’ असे सांगावे. एकदा खोटे सांगितले की ते मूल पुढे कुठल्याही दवाखान्यावर विश्वास ठेवत नाही.

मोठ्या मुलींची तपासणी आडोसा असल्याशिवाय करायची नाही, हा माझा नियम. पडदा नसेल तर दोन खिळ्यांना ओढणी बांधून खोलीचा कोपरा झाकता येतो. आडोसा झाला की मुली बोलू लागतात.

मूल तक्रार करीत नाही

ज्याला जन्मापासून अंधुक दिसते त्याला सगळ्या जगालाच अंधुक दिसते असे वाटते. ते मूल ‘मला दिसत नाही’ असे म्हणणार कसे? ते शेजाऱ्याच्या वहीत पाहून फळ्यावरचे उतरवते आणि शिक्षक त्याला नक्कल करणारा समजतात. ज्याचा कान वाहतो ते मूल हाक मारल्यावर वळत नाही, आणि त्याला उद्धट म्हटले जाते. कानाला वास येतो म्हणून ते मागच्या बाकावर जाऊन बसते आणि आणखीच कमी ऐकते. कान वाहत असताना त्यात गरम तेल ओतणे हा उपाय नव्हे, अपाय आहे. कान कोरडा ठेवावा, अंघोळीच्या वेळी बाहेरून कापसाचा बोळा लावावा आणि डॉक्टरांना दाखवावे.

दातांची किड सर्वांत जास्त आढळते. कित्येक मुलींच्या दातांवर मिश्रीचे डाग असतात. आजीच्या डबीतून लागलेली सवय. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, दात घासण्याची पावडर नव्हे, हे घरच्यांनीच समजून घ्यायला हवे.

आणि पोटदुखी. शाळेत रोज ऐकू येणारी तक्रार हीच. नव्या नर्सने यासाठी गोळीच्या डबीकडे हात नेण्याआधी प्रश्न विचारायला शिकावे. ‘जेवलीस का?’ या प्रश्नाला प्रत्येक मूल ‘हो’ म्हणते. ‘सकाळी उठल्यापासून काय काय खाल्लंस?’ असे विचारले की उत्तर येते, ‘चहा-बिस्किट.’ अकरा वाजता दुखणारे हे पोट भुकेचे असते आणि शाळेतली खिचडी हेच त्याचे औषध. काही पोटदुखी जंतांची, काही पाळीची, काही गणिताच्या चाचणीची. मुलींच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. शाळेच्या शौचालयात पाणी नसते किंवा दाराला कडी नसते, म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि लघवी दाबून ठेवतात. त्यातून लघवीला जळजळ आणि ओटीपोटात दुखणे सुरू होते. एक कडी आणि एक पाण्याची टाकी बसवली तर यातली पुष्कळ पोटदुखी थांबेल.

मात्र पोटदुखी बेंबीपासून सुरू होऊन उजव्या बाजूला खाली सरकली, सोबत ताप किंवा उलटी असली, मुलाला एका पायावर उडी मारता येईनाशी झाली, तर आंत्रपुच्छाला सूज असू शकते. अशा वेळी काही खायला न देता मुलाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

चिठ्ठी पोचते, मूल पोचत नाही

तपासणीत काही आढळले की पुढच्या उपचारासाठी चिठ्ठी देतात. प्रथम ग्रामीण रुग्णालय, गरज पडल्यास जिल्हा रुग्णालय. या कार्यक्रमात पुढील तपासण्या आणि शस्त्रक्रियाही मोफत होतात. तरीही चिठ्ठी दप्तरातच राहते. कारणे पैशांची असतात तशी मनाचीही असतात. ‘मुलीला चष्मा लागला हे कळलं तर उद्या स्थळं यायची नाहीत,’ असे एका आईने मला सांगितले. मी तिला एवढेच म्हटले, ‘अक्का, चष्म्यामुळं शिकली तर स्थळाची निवड तीच करील. फळा दिसला नाही म्हणून सातवीत शाळा सुटली, तर काय कराल?’ चष्मा आला. तो घरी काढून ठेवतात, शाळेत लावतात. तेही चालेल.

तिसरीतल्या एका मुलीची गोष्ट यापेक्षा गंभीर होती. खो-खोत ती कायम बाहेर बसे. बाई म्हणत, आळशी आहे. वजन वयाच्या मानाने कमी, वरचेवर सर्दी-खोकला. आमच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ ऐकत राहिले. हृदयाच्या ठोक्यांत वेगळा आवाज येत होता. चिठ्ठी दिली. वडील म्हणाले, ‘खेळती-हिंडती पोर आहे, तिला काय झालंय? उसाला तोड आलीय, ते उरकू द्या.’ महिन्याने निरोप धाडला तर ऊस गेला होता आणि कांदा लावायचा होता.

यात वडिलांना दोष देण्यात अर्थ नाही. दुखत नसलेल्या आजारासाठी हातातले काम सोडून परगावी जायचे, तेथे कुठल्या खिडकीत उभे राहायचे ते ठाऊक नाही, दिवसाची मजुरी बुडणार. कोणीही पुढे ढकलील. म्हणून तिसऱ्या खेपेला चिठ्ठी देऊन भागणार नव्हते. घरात कोणाचा शब्द चालतो याची चौकशी केली, तर कळले आजीचा. शनिवारी आजी बाजाराला येणार होती. पोत्यावर बसून मेथी विकणाऱ्या आजीपाशी बसून मी मुलीचे हृदय समजावले. ‘आजी, तुमच्या घराच्या दोन खोल्यांमधल्या भिंतीला भोक असलं, तर एका खोलीतला धूर दुसरीत जाणारच. तसं हिच्या हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीला भोक असावं, असा डॉक्टरांचा अंदाज आहे. आज ते बुजवता येतं. फार वर्षं गेली तर फुप्फुसांवर ताण पडतो आणि मग बुजवूनही उपयोग होत नाही.’ आजीने विचारले, ‘छाती फाडत्यात का?’ मी सांगितले, ‘भोक कसलं आहे त्यावर ठरेल. काही भोकं मांडीच्या शिरेतून नळी घालून बुजवतात, काहींना छाती उघडावी लागते. आधी फोटो काढू, मग डॉक्टर सांगतील.’ खोटा धीर दिला नाही. पुढच्या मंगळवारी आजी, मुलगी आणि वडील तिघेही आले. अंदाज खरा ठरला. यथावकाश भोक बुजवले गेले. मुलगी आता पाचवीत आहे.

हे सांगण्याचे कारण एवढेच, की आजार सापडला एका दिवसात आणि मूल उपचारापर्यंत पोचायला अनेक महिने लागले. ज्या घरात हा वेळ द्यायला कोणी जात नाही, तेथे काय होत असेल, याचा विचार व्हावा.

कोपीतली मुले

गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून, पाथर्डीकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. कोप्या उभ्या राहतात. आईबाप पहाटेच उसात जातात आणि आठ-दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन असते. ही मुले चार-पाच महिन्यांसाठी शाळेत आली तर आली. त्यांची आरोग्याची नोंद मागे गावाकडच्या शाळेत असते. कोणते डोस झाले, कोणती चिठ्ठी दिली, काही कळत नाही. अशाच एका सात वर्षांच्या मुलाला कानाच्या शस्त्रक्रियेसाठी चिठ्ठी दिली होती. आठवड्याने गेले तर टोळी दुसरीकडे हलली होती. त्या मुलाचे पुढे काय झाले ते कळले नाही.

त्यानंतर मी एक पद्धत ठेवली आहे. स्थलांतरित मुलाची चिठ्ठी दोन प्रतींत करते. एक प्रत पालकाजवळ, प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डासोबत. दुसरी मूळ गावच्या शाळेला किंवा आशाताईला. मुकादमाचा फोन नंबर लिहून घेते, कारण टोळी कुठे गेली ते त्यालाच ठाऊक असते. शिक्षकांनीही दाखला देताना त्याला आरोग्याची चिठ्ठी जोडली, तर आजाराची माहिती मुलाच्या मागोमाग जाईल.

गोळ्या आणि अफवा

१५ ते १९ वयाच्या दर शंभर मुलींपैकी एकोणसाठ मुलींच्या अंगात रक्त कमी आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. यासाठी शाळेत आठवड्याला एक लोहाची गोळी देतात. लहानांना गुलाबी, दहा वर्षांवरच्यांना निळी. जंतांची गोळी वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये. दोन्ही गोळ्या साध्या, सुरक्षित आहेत. तरी ‘गोळ्यांनी मुलांना बाधा झाली’ ही अफवा दर दोन वर्षांनी कुठेतरी उठतेच.

त्यामागचे कारण समजून घ्यावे. लोहाची गोळी उपाशीपोटी घेतली तर मळमळते. पोटात जंत फार असतील तर गोळीनंतर थोडे पोट दुखते किंवा एखादी उलटी होते. एका मुलाला उलटी झाली की ते पाहून आणखी दहा जणांना मळमळू लागते. म्हणून लोहाची गोळी खिचडी खाल्ल्यावरच द्यावी, चहासोबत कधीही नको. जंतांची गोळी चावून खायला सांगावी. त्या दिवशी ताप असलेल्या किंवा आजारी मुलाला ती देऊ नये. कोणाला त्रास झालाच तर त्याला बाजूला सावलीत निजवून पाणी द्यावे, लक्ष ठेवावे आणि त्रास थांबला नाही तर डॉक्टरांना बोलवावे. लोहाच्या गोळीने शौचाला काळे होते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. हे घरी आधीच सांगून ठेवले तर अफवेला जागाच उरत नाही.

मुलाने सांगितलेले गुपित

कधीकधी पोटदुखीच्या आड वेगळीच गोष्ट असते. कोणी मारतो, कोणी नको तेथे हात लावतो. मूल हे सांगू लागले तर त्याला थांबवू नये, उलटतपासणी करू नये, ‘कोणाला सांगू नकोस’ असे तर मुळीच म्हणू नये. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही,’ एवढे म्हणावे. मात्र ‘मी कोणालाच सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अशी माहिती मिळालेल्या कोणालाही ती पोलिसांना कळवावीच लागते, मग तो नर्स असो, शिक्षक असो वा शेजारी. बालकांच्या मदतीसाठी १०९८ हा फोन क्रमांक आहे.

उरलेल्या दिवसांसाठी

काष्टीच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी काय करतो ते पाहावे. तो बैलाचे दात मोजतो, चार पावले चालवून पाहतो, डोळ्यांपुढे हात हलवतो, खूर उचलून पाहतो. मगच पैसे मोजतो. तीच नजर आपल्या मुलाकडे महिन्यातून एकदा वळवली तरी आम्हा पथकाचे निम्मे काम होईल. दात पाहा. पळवून पाहा, दम लवकर लागतो का? एक डोळा झाकून दूरची पाटी वाचायला सांगा. मागून हळू हाक मारा. मागच्या वर्षीचा सदरा यंदाही तसाच ढगळ होतो का, ते पाहा.

शाळेत नर्स नसलेल्या दिवशी काही घडले तर शिक्षकांनी आणि पालकांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१) नाकातून रक्त : मुलाला बसवून डोके पुढे वाकवा, मागे नको. नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटे सलग दाबून ठेवा. कांदा हुंगवू नका. वीस मिनिटांत रक्त थांबले नाही तर रुग्णालय.

२) फीट : कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, आजूबाजूच्या वस्तू हलवा. तोंडात चमचा घालू नका, चप्पल हुंगवू नका. घड्याळ पाहा. पाच मिनिटांवर गेली तर १०८ ला फोन करा.

३) साप : धीर द्या, चालू देऊ नका. हात-पाय फळीला बांधून स्थिर ठेवा. करकचून दोरी, ब्लेडने काप, मंत्र यांत वेळ घालवू नका. साप शोधत बसू नका. एक गोष्ट विशेष लक्षात ठेवा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, तेव्हा बहुधा दुखत नाही. पहाटे मुलाच्या पोटात दुखू लागले, पापण्या मिटू लागल्या, गिळता येईना, तर खूण दिसली नाही तरी सर्पदंश समजून सरकारी रुग्णालयात धाव घ्या.

४) विंचू : घाम, उलटी, हातपाय गार पडणे ही धोक्याची चिन्हे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केलेल्या प्राझोसिनच्या उपचाराने पुष्कळ मुले वाचली आहेत. पण त्यासाठी मूल वेळेत पोचले पाहिजे.

५) कुत्रा चावणे, ओरखडणे : वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, मिरची, चुना भरू नका. लस त्याच दिवशी सुरू करून सर्व डोस पूर्ण करा.

६) पक्का दात मुळासकट पडला : मुळाला हात न लावता दुधात ठेवा आणि तासाभरात दंतवैद्याकडे न्या. दात पुन्हा बसू शकतो.

७) मधुमेह असलेले मूल घामाघूम झाले, थरथरू लागले, बरळू लागले : शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्या आणि दवाखाना गाठा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

८) कांजिण्या : सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत मुलाला शाळेत पाठवू नका. गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस घरी ठेवा. उवांसाठी मात्र शाळा बुडवण्याची गरज नाही. खरजेला औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावावे, नाहीतर ती घरात फिरत राहते.

२०२० पासून सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्याचे काम शिकवण्याची योजना आहे. आपल्या शाळेतले हे दोन शिक्षक कोण, एवढे पालकसभेत विचारावे. त्यांच्या जवळ एक साधी शंभर पानी वही असावी. तारीख, मुलाचे नाव, काय आढळले, चिठ्ठी कोठे दिली आणि मूल तेथे पोचले की नाही, असे पाच रकाने. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तो रिकामा दिसला की कोणीतरी त्या घरी जाऊन यावे. आम्ही पुढच्या वर्षी येऊ, तेव्हा पहिल्यांदा तीच वही मागू.